कुलूप नावाची फाइल

कल्पना करा, तुम्ही पंपघरातल्या खुर्चीवर बसला आहात. समोर संगणकाचा पडदा, कानाशी फोन, आणि फोनवर आगीच्या बंबावरचा माणूस जीव तोडून ओरडतोय, "ताई, पाणी कुठंय? बंब रिकामे झाले! माणसं अडकलीत वरच्या मजल्यावर!"

त्या खुर्चीवर भिंगरीची आई बसली होती.

भर दुपारी बाजारातल्या कापडाच्या गोदामाला आग लागली होती. उंच टाकी तळाला गेलेली. मोठा पंप सुरू झाला, तरच नळांना जोर येणार होता. आई कळ दाबत होती आणि पडद्यावर तेच उत्तर येत होतं : फाइल आधीच आहे.

ही काय भानगड, ते नीट समजून घ्या. संगणकातला कुठलाही प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं फाइल उघडत नाही की बनवत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. कोठारावरच्या कारकुनाला सांगावं, तसं सांगतो, "अमुक फाइल उघडून दे." वर अटीही घालता येतात. "नसेल तर नवी बनव," ही एक. "पण आधीच असेल, तर मला सरळ नाही म्हण," ही दुसरी.

पंपाचा प्रोग्रॅम दोन्ही अटी घालून 'कुलूप' नावाची फाइल मागायचा. कारण पंपाखाली हौद होता. दुरुस्तीसाठी उतरणाऱ्यानं हौदाच्या दाराआतल्या कळफलकावरून आधी 'कुलूप' बनवायचं, आणि वर आल्यावर ते पुसायचं. पुसलं की लोखंडी दार आपोआप लागायचं. मग ते वरूनच उघडायचं. फाइल आहे, म्हणजे खाली माणूस आहे. मग पंप सुरू होत नाही, कारण तो सुरू झाला की हौद तुडुंब भरतो. बाबांच्या मांडीवर बसून भिंगरीही हे शिकली होती, जसे तुम्ही आत्ता शिकलात.

बाबा पंपघराचे फिटर. सकाळी तेच खाली उतरले होते. जेवताना सारखे कुरकुरत होते, "माझा लांब पाना खालीच राहिला गं."

"डोकं धडाला चिकटलंय म्हणून बरं," आई म्हणाली, "नाहीतर तेही खाली ठेवून आला असतात."

भिंगरी खदखदून हसली. हसता हसता तिचं कोपर लागलं, बाबांचा चष्मा खाली पडला आणि फुटला. एका जागी बसेल तर ती भिंगरी कसली! बाबा खूप रागावले. तीही गाल फुगवून पंपघराच्याच मागच्या खोलीत गेली, दार आपटलं, मोठ्यानं रेडिओ लावला. मग आगीची वर्दी आली आणि बाबा तसेच, चष्म्याविना, बाजारातल्या पाण्याच्या झडपेकडे पळाले.

"फाइल पुसायला विसरले असणार," आई पुटपुटली. तिनं 'कुलूप' पुसलं. खाली धप्प आवाज झाला. चला, दार लागलं! तिनं कळ दाबली.

फाइल आधीच आहे.

तिनं यादी पाहिली. 'कुलूप' पुन्हा हजर. पुसलं. थोड्याच वेळात परत तेच.

"भिंगरे, रुसवा पुरे आता! बाहेर ये, दुसऱ्या फोनवर बस!"

आतून फक्त रेडिओवरचं गाणं ऐकू आलं. आईनं बाबांना फोन लावला.

"अहो, फाइल पुसली होती का तुम्ही?"

"पुसली गं! तुझ्या धाकानं दोनदा बघितली."

"मग परत परत कोण बनवतंय?"

"खाली कोण असणार? आपण तिघंच. मी इथं, तू तिथं, आणि भिंगरी..."

"ती बसलीय आत फुगून."

"मग यंत्राचंच डोकं फिरलंय. ती दुसरी अट काढून टाक."

"अट तुम्हीच घातलीत ना?"

"घातली मीच! पण गोदामाच्या खिडकीतून हात हलतायत गं. चष्मा नाही, तरी मला दिसतायत. काढ ती!"

आईनं प्रोग्रॅम उघडला. चुकीचं अक्षर पडलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. अट गेली. आता 'कुलूप' असलं तरी ऑपरेटिंग सिस्टिम नाही म्हणणार नव्हती. आहे तीच फाइल उघडून देणार होती, आणि पंप धडाडून सुरू होणार होता.

एकदा मागच्या खोलीत डोकवावं, असं तिच्या मनात आलं. पण फोनवर तो बंबावरचा दांडगा माणूस रडत होता. "ताई, हात जोडतो. छप्पर खचतंय."

"करते दादा, करते."

आत गाणी संपून बातम्या लागल्या. भिंगरीला बातम्यांचा भारी कंटाळा. एरवी ती पहिल्या शब्दाला रेडिओ बंद करायची. आज बातम्या चालूच राहिल्या.

आईनं कळीवर बोट टेकवलं. पडद्यावरच्या यादीत 'कुलूप' होतंच. आणि तिच्या डोळ्यांदेखत, त्याच्या वर, आणखी एक नवी फाइल उमटली.

तिचं नाव होतं 'आई'.