पडायचा सीन

"हौसाताई, आज परत पडायचंय हं," दिग्दर्शक हसत म्हणाला. स्पॉटदादा फरशीवर तेल ओतत होता.

दोन महिन्यांपूर्वी मालिकेतली सासू म्हणून आरतीचं ताट घेऊन येताना मी खरंच घसरले. गुडघा फुटला. मालिकावाल्यांनी तो सीन कापला नाही, उलट ढॅण-ढॅण आवाज लावून तीनदा दाखवला. मग माझं मीम झालं. कुणाची टीम हरली, कुणी नापास झालं, की लोक माझं पडणं पाठवायचे. चॅनल खूश. तेव्हापासून दर आठवड्याला सासूबाई आपटतात आणि घरी मी गुडघा शेकत बसते.

"आज नाही पडणार," मी म्हटलं.

"ताई, लोकांना तेच हवंय. नाहीतर सासूबाईंना काशीयात्रेला धाडावं लागेल."

मालिकेतून काशीला गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"ॲक्शन!"

मी पदर खोचला. ताट धरून, तेलातून एकेक पाऊल रोवत थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. एक फूलसुद्धा सांडलं नाही.

"काढा तिकीट," मी म्हणाले. "आणि आता हे फिरवा मोबाइलवर."