तळ्याकाठचा चिखल

नवरा मुलखाचा बढाईखोर. जिना चढताना धापा टाकायचा, पण डोंगर-जंगलातल्या खडीच्या वाटा तुडवायला म्हणून त्याने खास सायकल आणली. पहिल्याच रविवारी चिखलाने माखलेली ती सायकल त्याने मोठ्या दिमाखात दिवाणखान्यात उभी केली.

बायको फडकं घेऊन धावली, तसा तो डाफरला, "हात लावू नकोस! डोंगरापलीकडच्या तळ्याकाठचा चिखल आहे तो. घरबसल्या मिळत नाही!"

चिखल ताजा दिसावा म्हणून पठ्ठ्या त्यावर रोज पाणीसुद्धा शिंपडायचा.

आठवड्याने पाहुण्यांसमोर त्याची फुशारकी रंगात आली असताना बायको मडगार्डखाली वाकली आणि म्हणाली, "अहो, मी बाल्कनीतल्या कुंडीत पेरलेले टोमॅटो बघा कुठे उगवलेत, थेट डोंगरापलीकडे!"