नखभर

आजोबा चौथ्यांदा उठले. खुर्चीचा त्यात काही दोष नव्हता. काउंटरपलीकडे बंदुकीचा कारागीर त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक उघडून नळीत मापाची पट्टी घालत होता, काढत होता, चष्मा पुसत होता, पुन्हा घालत होता. बाहेर गाडीत नात बसली होती. उद्या सकाळी नेमबाजी क्लबच्या मैदानावर ती याच बंदुकीने आयुष्यातला पहिला बार काढणार होती. आजोबांनी तसं घरभर जाहीर केलं होतं. काडतुसांचा नवा डबाही आणला होता, दुकानातला सगळ्यात जोरदार.

आपण फक्त तेलपाण्यासाठी आलोय, हे त्यांचं तीनदा सांगून झालं होतं.

कारागिराने डबा वाचला आणि ही काडतुसं या बंदुकीची नव्हेत, असं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. आजोबांनी एक उचलून नळीत सोडलं. अलगद बसलं. खटकन बंदूक मिटून त्यांनी विजयी मुद्रेने वर पाहिलं. कारागीर तोवर नळीसमोरून बाजूला झाला होता.

त्याने बंदूक हातातून घेतली, उघडली, काडतूस काढलं आणि खणातून त्याच जातीचं एक झाडलेलं, रिकामं काडतूस दिलं.

"आता हे बसवा."

ते बसेना. आजोबांनी अंगठ्याने रेटलं, मग तळहाताने. नखभर बाहेरच राहिलं.

नव्याचं तोंड दुमडलेलं असतं, कारागीर म्हणाला. बार उडाला की घडी उलगडते आणि ते एवढं लांब होतं. या जुन्या नळीत पुढे तेवढी जागाच नाही. वाट आवळली की जोर मागे येतो. मागे म्हणजे, नेम धरणाऱ्याचा गाल असतो तिथे.

"परवाच मी दोन बार काढलेत," आजोबा म्हणाले. "काही झालं नाही."

"नाही झालं, म्हणून तर आपण बोलतोय, काका."

आजोबा बसले. लगेच उठले. आखूड, हलकी काडतुसं मिळतात, पण आधी नळ्यांची जाडी मोजावी लागेल, चार दिवस तरी जातील, असं कारागीर सांगत होता. डबा त्याच्याकडे सरकवून ते बाहेर आले.

नातीने काच खाली केली. "बंदूक कुठाय?"

आजोबांनी खिडकीतून हात घालून तिच्या उजव्या गालावर अंगठा फिरवला.

"काय झालं?"

"डास होता," ते म्हणाले. अंगठा मात्र अजून तिथेच होता.