चार मिलिमीटरचा थर

"तेरा," असं म्हणून प्रमुखांनी पट्टी खाली ठेवली. बशीतल्या जेलीवर जंतू दाट माजले होते. एका बाजूला औषधाची टिकली, आणि तिच्याभोवती मेलेल्या जंतूंचं एक चिमुकलं वर्तुळ. "तेरा मिलिमीटर. हे औषध तुमच्या गायींना लागू पडणार नाही."

गोठेवाल्या बाईंनी पिशवीतून दुसऱ्या प्रयोगशाळेचा कागद काढला. त्यावर एकोणीस होते. दूध तेच, जंतू तेच, औषध तेच. एकोणीस म्हणजे कास सुजलेल्या अकरा गायी बऱ्या होणार. तेरा म्हणजे परवा सकाळी व्यापाऱ्याची गाडी येऊन अकराही घेऊन जाणार.

"त्यांनी नियमावली वाचलेली नसणार," प्रमुख म्हणाले. सगळीकडे चाचणी एकसारखी व्हावी म्हणून ती तीनशे बारा पानी नियमावली त्यांनीच लिहिली होती. प्रस्तावनेत पत्नीचे आभार होते. नियमावली पूर्ण वाचणारी ती एकटीच, असा त्यांचा समज होता. पत्नीचा तसा काही दावा नव्हता.

"त्यांनीच उघडून दाखवली की मला," बाई म्हणाल्या. "जेलीचा थर चार मिलिमीटर हवा म्हणे, सगळीकडे सारखा. तुमचा किती आहे?"

प्रमुख हसले. बाईंच्या समाधानासाठी त्यांनी जेली कापून पट्टी लावली. एका कडेला तीन. टिकलीच्या कडेला सहा. हसू जागच्या जागी थिजलं. थर जाड असला की औषध खाली मुरतं, वर्तुळ लहान पडतं आणि चांगलं औषध नापास होतं. हे वाक्य त्यांचंच होतं.

"ताई, पान अठ्ठेचाळीस काढा बरं."

तंत्रज्ञ ताई कपाटाकडे गेल्याच नाहीत. त्या टेबलाखाली वाकल्या. भिंतीकडच्या दोन पायांखाली नियमावलीची एकेक प्रत होती. दोन्ही ओढून काढल्यावर टेबल सपाट झालं.

त्याच टेबलावर नव्या बश्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी वर्तुळ एकोणीस भरलं. प्रमुखांनी स्वतः फोन केला. "गाडीला नको म्हणून कळवा."

"कालच कळवलं," बाई म्हणाल्या. "तुमचं टेबल बघूनच."

मग प्रमुखांनी दोषी कर्मचाऱ्यासाठी ज्ञापन लिहायला घेतलं. ज्ञापन चांगलंच कडक उतरलं. खाली सही झाली. फक्त वर नावाची जागा रिकामी होती.

"ताई, ती पुस्तकं तिथं घातली कुणी?"

"तुम्हीच, सर. जुन्या खोलीतली फरशी उतरती होती ना. 'घाला हीच, नाहीतरी वाचतंय कोण,' म्हणालात. नव्या खोलीत आल्यावर मी विचारलं, आता काढू का? तर केवढे ओरडलात माझ्यावर!"

"काय म्हणालो?"

"म्हणालात, पद्धत म्हणजे पद्धत. खोली बदलली म्हणून ती बदलायची नसते."