काडीपैलवानाची पहिली जर्सी

या मायबापहो, जवळ बसा, एका नामांकित फुटबॉलपटूची गोष्ट ऐका. मोठ्या क्लबात उमेदीची सगळी वर्षं गाजवून तो निवृत्त होत होता. अशा खेळाडूची पहिली जर्सी काचेच्या कपाटात ठेवायची, ही क्लबची रीत. शोधत शोधत तो आणि व्यवस्थापक क्लबचे कपडे धुणाऱ्या मावशींच्या घरी पोचले. पाहतात तर जर्सीचं दुपटं झालेलं, त्यावर मावशींचा तान्हा नातू नुकताच निजलेला! “फाटली म्हणून चिंध्यांत टाकली होती हो,” मावशी ओशाळल्या. “हा काडीपैलवान एवढा मोठा होईल, कुणाला ठाऊक!” “उचला बाळाला,” व्यवस्थापक म्हणाले. खेळाडूनं वाकून जर्सीवरच्या आपल्या आकड्यावरून बोटं फिरवली. क्षणभर जीव गुंतला. मग तो कुजबुजला, “साहेब, ही माझी नव्हेच. चला, पाय न वाजवता.” त्याचे गोल जग मोजेलच, तुम्ही या गोड खोटारड्याला मनात ठेवा.