यायचं तिकीट

"आपला सगळ्यात मोठा खर्च कुठला, ते आधी बघ," मुग्धा नवऱ्याला म्हणाली. लॅपटॉपवर तीन क्रेडिट कार्डं शेजारी शेजारी उघडली होती. एक हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी, दुसरं गाडीत सतत पेट्रोल भरणाऱ्यांसाठी. त्यांना वार्षिक फी न घेता विमानाचं तिकीट देणारं हवं होतं. लग्नापासून अंदमानला जायचं राहूनच गेलं होतं.

"आईची औषधं," निनाद हळूच म्हणाला. तिसऱ्या कार्डावर नेमके औषधांनाच दुप्पट पॉइंट होते.

आईंच्या दुखण्यावर सहलीला जायचं? मुग्धाने लॅपटॉप मिटला.

"मिटलास कशाला?" सासूबाई काठी टेकत आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माझ्या गोळ्यांवर तुमचं तिकीट निघतं म्हणे?"

"आई, तसं नाही हो..."

"असलं तर काय बिघडलं? कधी निघेल?"

"जायचं वर्षभरात," निनाद कसाबसा म्हणाला.

"आणि यायचं?"

"त्याला आणखी एक वर्ष."

सासूबाई खुर्चीत टेकल्या. संध्याकाळची गोळी फार महाग म्हणून त्या महिनाभर ती चुकवत होत्या. त्यावरून घरात रोज वाद व्हायचा. आता त्यांनी आपणहून मुग्धापुढे हात केला.

"दे गं ती गोळी. तुम्हाला नुसतं पाठवून कसं चालेल? परत आणायचंय मला."