ड्रायव्हरची बाजू

"या जादा पट्ट्या कुणी टाकल्या?" वैदेहीने विचारलं.

बिरवाडीजवळच्या त्या शेडमध्ये लष्कराच्या गाड्यांना बाहेरून बसवायचे लोखंडी पिंजरे तयार होत होते. खांद्यावरून डागलेलं रॉकेट गाडीच्या पत्र्याला भिडू नये, म्हणून हा खटाटोप. तपासणीला आलेल्या वैदेहीचं मोजून झालं होतं. तीन बाजू ड्रॉइंगबरहुकूम, अगदी चोख. चौथ्या बाजूला मात्र दर दोन पट्ट्यांच्या मधोमध आणखी एक पट्टी.

मालोजीने वेल्डिंगचं हेल्मेट वर केलं. कानांवर हात ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याच्या हातचा टाका अख्खी शेड ओळखायची.

"मीच टाकल्या, मॅडम."

"याच बाजूला का?"

"ड्रायव्हरची बाजू हाय ती."

वैदेही वाकून पुन्हा त्या पट्ट्या बघायला लागली, तसा मालोजीच बोलायला लागला. "आमचा ओम फौजेत हाय. गाडीवरच. वर बॉर्डरला. ही गाडी त्याच्याकडं जाईल का नाय, देवाला माहीत. पण कोणाच्या तरी पोराकडं जाईलच ना? एवढाल्या फटी बघून मला भ्या वाटतं हो."

भीती खरीच होती. मालोजीची वाडी पोलादपूरच्या डोंगरात. तिथे पोरगं नीट चालायला लागलं की बापामागून वई घालायला शिकतं. शेताभोवतीची ही काट्याकुट्यांची वई जितकी दाट, तितकं भात जाग्यावर. जरा फट राहिली की रानडुकरांची पंगत बसलीच म्हणून समजा. आणि इथे शिकलीसवरलेली माणसं मुद्दाम फटी ठेवायला सांगत होती! मालोजीने मनातल्या मनात त्या सगळ्यांना वेड्यात काढलं होतं आणि जेवणाच्या सुट्ट्या मोडून, कुणाला न विचारता, ड्रायव्हरची बाजू दाट करून टाकली होती.

"काका," वैदेही म्हणाली, "रॉकेटचं नाक कशावरही आदळलं की ते फुटतं. पट्टीवर आदळलं तरी फुटतं, आणि त्याची आग पत्रा भेदून आत जाते. आपल्याला ते आदळायला नकोय. दोन पट्ट्यांमध्ये शिरून चेंगरायला हवंय. चेंगरलं, तर बऱ्याचदा फुटतच नाही."

"म्हंजे मी..."

"दाट केलीत, तिथेच फुटायची भीती वाढली."

मालोजीने त्या दाट बाजूकडे वळून पाहिलं. बाकीच्या तिन्ही बाजू त्याने नुसतं काम म्हणून केल्या होत्या, त्या बरोबर होत्या. जीव ओतला होता तो याच बाजूत.

"दुसऱ्या कुणाला सांगते कापायला," वैदेही हळूच म्हणाली.

"नको. मीच कापतो."

त्याने ग्राइंडर उचलला. एकेक पट्टी सुटून फरशीवर पडत गेली. कापल्याच्या खुणासुद्धा त्याने घासून काढल्या. वैदेहीला दुसरीकडे जायचं होतं, तरी ती थांबली आणि शेवटी पुन्हा मापं घेऊन तिने मान हलवली.

मालोजीने हातमोजा काढला, मूठ वळली आणि फटीत सारली. अर्धी आत गेली आणि दोन पट्ट्यांमध्ये घट्ट अडकली.

"असंच अडकंल?"

"असंच."

"दर वेळी?"

वैदेहीला खोटं बोलता आलं असतं. "दर वेळी नाही, काका."

मालोजीने मान डोलावली. "मग उरलेलं आमच्या वाडीच्या काळकाई देवीनं बघावं," तो म्हणाला.

मूठ मात्र त्याने बराच वेळ बाहेर काढली नाही.